गौरीच्या आराशीसाठी क्रोशाची फुले : प्रकल्प नोंदी

15 जून 2025

यंदा गौरी 31 ऑगस्टला येत आहेत. तोपर्यंत आराशीसाठी जास्वंद, शेवंती, अबोली आणि कळलावी ही चार फुले खऱ्या मापाची आणि शक्य तितकी खऱ्यासारखी विणून पुरी करायची, असे ठरवले आहे. बेळगावात, विशेषतः शहापूर आणि वडगाव भागात, क्रोशाची सुई धरता येणाऱ्या बायका घरोघरी आहेत. परंतु आपण रुमाल, तोरणे आणि ताटावरची झाकणे विणतो, आणि त्यांवरचे फूल हे नक्षीतले फूल असते. फुलदाणीत ठेवल्यावर पाहणाऱ्याने त्याला नावाने ओळखावे, असे फूल विणायचे असेल तर कोणत्या अडचणी येतात, हे पुढच्यांना कळावे म्हणून या नोंदी ठेवत आहे.

कळलावी निवडण्यास एक ठोस कारण आहे. आमच्या घरी गौरीच्या पानाफुलांत तेरड्याबरोबर कळलावीही असते. या वेलीच्या सर्व भागांत, आणि कंदात सर्वांत जास्त, कोल्चिसीन नावाचे विष असते. घरात रांगते मूल आहे, त्यामुळे यंदापासून खरी कळलावी घरात आणायची नाही आणि तिची जागा विणलेल्या फुलाने भरायची, असे सर्वांच्या विचाराने ठरले.

कामाचा नियम एकच ठेवला आहे. सुई हातात घेण्यापूर्वी खरे फूल पांढऱ्या कागदावर ठेवून पाकळी पाकळी सुटी करायची, प्रत्येक भाग मोजायचा आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून आकार उतरवून घ्यायचा. छापील नमुने पुष्कळ मिळतात, पण त्यांतील बहुतेकांत पाच सारख्या पाकळ्या एका गोलाभोवती विणलेल्या असतात, आणि तो गोल पिवळा केला की सूर्यफूल, गुलाबी केला की आणखी काही, असा प्रकार असतो. अशा नमुन्यावरून फुलाची जात कळत नाही.

22 जून

घरात शिल्लक असलेल्या चार पदरी अ‍ॅक्रिलिक लोकरीने आणि अडीच मिलिमीटरच्या सुईने जास्वंदीची पाकळी विणून पाहिली. ती लोकर या कामाला निरुपयोगी आहे. एक खांब, म्हणजे सुईवर आधी दोरा गुंडाळून विणलेला उंच टाका, साधारण दीड सेंटिमीटर उंच होतो; खरी पाकळी जेमतेम साडेसहा सेंटिमीटर लांब असते. म्हणजे चार-पाच ओळींत पाकळी संपते आणि आकाराला वळण द्यायला टाकेच उरत नाहीत. कड जाड होते, आणि लोकरीच्या केसाळपणामुळे जास्वंदीच्या पाकळीवरची ती चकाकी येत नाही. बाहुलीच्या डोक्यावर लावायला ते फूल चांगले दिसेल.

त्यामुळे गणपत गल्लीत जाऊन चकाकीचा, म्हणजे मर्सराइज केलेला, 20 नंबरचा सुती दोरा घेतला. त्यासाठी सव्वा मिलिमीटरची आणि अबोलीसाठी पाऊण मिलिमीटरची अशा दोन सुया घेतल्या. दोऱ्याची गुंडी 70 रुपयांना पडली. लाल रंगाच्या तीन गुंड्या एकदमच घेतल्या आणि तिन्हींच्या चिठ्ठीवरचा रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या दोऱ्याचा, क्रमांक दुकानातच जुळवून पाहिला. रंगाचा क्रमांक एकच असला तरी घाणा वेगळा असेल तर छटा किंचित बदलते. दुकानातल्या दिव्याखाली ती लक्षात येत नाही, मात्र खिडकीपाशी पाकळ्या शेजारी ठेवल्या की लगेच दिसते. मागे एका तोरणाच्या वेळी हा त्रास झालेला असल्यामुळे ही काळजी आधीच घेतली.

लाल दोऱ्याचा हातभर तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला होता. फडक्याला गुलाबी डाग आला. मीठ किंवा व्हिनेगर घालून सुती दोऱ्याचा रंग पक्का होतो असे सांगितले जाते. मी त्यावर विसंबले नाही. सगळा लाल दोरा सैल लडीत करून, पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात खळबळला आणि सावलीत वाळवला. पावसाळी हवेत तो वाळायला फार वेळ गेला, तेव्हा हे काम ज्यांना शक्य असेल त्यांनी मृगाच्या आधीच उरकून घ्यावे.

29 जून

आजची नोंद जास्वंदीची आहे आणि ती सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच गेला.

पहिली पाकळी नेहमीच्या पद्धतीने, बुंध्याकडून टोकाकडे पंख्यासारखी वाढवत नेली. तीन खांबांनी सुरुवात केली, दर ओळीत दोन्ही कडांना टाके वाढवले आणि शेवटच्या दोन ओळी न वाढवता विणल्या. माप अचूक आले. तरीही पाच पाकळ्या जोडल्यावर जे तयार झाले ते जास्वंद नव्हते. खऱ्या फुलाशेजारी ठेवून पाहिल्यावर त्याची दोन कारणे सापडली.

पहिले कारण शिरांचे. जास्वंदीच्या शिरा बुंध्यातून निघून कडेकडे पसरत जातात. आडव्या ओळींनी विणलेल्या पाकळीवर मात्र प्रत्येक ओळीचा उंचवटा आडवा उमटतो, म्हणजे शिरांच्या नेमका विरुद्ध दिशेला. डोळा हे शब्दांत पकडत नाही, पण फूल खोटे आहे हे त्याला तात्काळ कळते.

दुसरे कारण पाकळीच्या आकाराचे. जास्वंदीची प्रत्येक पाकळी एका कडेने शेजारच्या पाकळीवर चढलेली आणि दुसऱ्या कडेने दुसऱ्या शेजारणीखाली गेलेली असते, आणि पाचही पाकळ्या एकाच दिशेने अशा पिळलेल्या असतात. त्यामुळे एकही पाकळी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी नसते. एक खांदा उंच आणि भरलेला असतो, दुसरा उतरता. कागदावर पेन्सिलने काढलेला आकार मध्यावर दुमडून पाहिला तेव्हा दोन अर्धांत चांगला बोटभर फरक निघाला.

म्हणून पाकळी उभी विणण्याची पद्धत बसवली. तीस साखळ्या, म्हणजे एकातून एक ओढून काढलेले साधे फास, घालायच्या. ही पाकळीची लांबी, सुमारे साडेसहा सेंटिमीटर. आता सर्व काम मुक्या खांबाने करायचे, म्हणजे सुईवर आधी दोरा न गुंडाळता विणलेल्या आखूड खांबाने. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोन धागे दिसतात, त्यांतला फक्त मागचा धागा उचलून विणायचे. त्यामुळे पुढचा धागा मोकळा राहून त्याची बारीक रेघ उमटते, आणि ती रेघ टोकाकडून बुंध्याकडे जाते. हीच आपली शीर. टोकाकडून बुंध्याकडे आणि परत टोकाकडे अशी दोन ओळींची एक जोडी धरली. पहिली जोडी पूर्ण बुंध्यापर्यंत न्यायची, दुसरी जोडी बुंध्याच्या दहा टाके अलीकडून परत फिरवायची आणि तिसरी अठरा टाके अलीकडून. मग पुन्हा पहिल्यापासून. अशा तेरा जोड्या झाल्या की टोकाची कड साडेपाच सेंटिमीटर पसरते आणि बुंधा दोन सेंटिमीटरच्या आत राहतो. तो शेवटी दोऱ्याने चुणून आवळता येतो.

खांद्यांचा फरक टोकाच्या कडेवर साधतो. पहिल्या चार जोड्यांत दर वेळी टोकाला एक साखळी जास्त घ्यायची, म्हणजे कड चढत जाते. पुढच्या तीन जोड्या सरळ ठेवायच्या. उरलेल्या सहा जोड्यांत टोकाचा एकेक टाका सोडत यायचे. चढ लवकर संपतो आणि उतार लांबतो. पाचही पाकळ्या याच क्रमाने विणायच्या आणि जोडताना सर्वांची चढती कड एकाच बाजूला ठेवायची. एखादी पाकळी उलटी लागली तर पिळाची लय तिथेच तुटते.

एका पाकळीला जवळजवळ तास लागतो. पंख्याची पद्धत याच्या निम्म्या वेळात होते, तरी मी तिच्याकडे परत जाणार नाही.

6 जुलै

आषाढी एकादशी. सकाळचा वेळ देवळात गेला, दुपारनंतर जास्वंदीचा मधला दांडा घेतला.

जास्वंदीत पुंकेसर एकत्र जुळून नळी झालेली असते, त्या नळीतून स्त्रीकेसर बाहेर येतो आणि टोकाला त्याचे पाच फाटे होऊन प्रत्येकावर मखमली लाल ठिपका असतो. पाच हा आकडा चुकवू नये. बाजारात मिळणाऱ्या विणलेल्या जास्वंदीत बहुधा नुसती पिवळी शेपटी असते. दांड्यासाठी तारेवर लाल दोरा घट्ट गुंडाळला. वरच्या तिसऱ्या भागात पिवळ्या दोऱ्याच्या गाठी चहूबाजूंनी, मध्ये अंतर सोडून मारल्या. आणि पाच फाट्यांसाठी पाच बारीक तारांचे शेंडे दोऱ्याने झाकून त्यांवर लाल गाठ दिली.

फुलाखालच्या हिरव्या वाटीला पाच दाते असतात आणि तिच्या खाली आणखी एक बारीक हिरव्या पात्यांचे कडे असते. हे कडे फूल सरळ ठेवले की दिसत नाही. कलते ठेवले की दिसते. आराशीत फुले कलतीच असतात, म्हणून ते वगळले नाही.

13 जुलै

पाकळ्या ताठ राहाव्यात म्हणून काय करावे, यावर हा आठवडा गेला.

माझ्या सासूबाई वडगावच्या विणकर घरातल्या आहेत. त्यांच्या माहेरी ताण्याच्या सुताला खळ देण्याचे काम त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे त्यांनी साबुदाण्याची खळ करून दिली. साबुदाणा भरपूर पाण्यात काचेसारखा होईपर्यंत शिजवून, गाळून, कोमट असताना पाकळ्या त्यात बुडवायच्या, पिळायच्या, आकार देऊन टाचण्यांनी थर्माकोलवर बसवायच्या. पाकळ्या उत्तम ताठ झाल्या, आणि त्यांना अंगची चकाकीही आली. पुढच्या दोन-तीन दिवसांत पावसाची झड लागली, हवेतला दमटपणा वाढला आणि त्या मऊ पडल्या. आठवड्याच्या शेवटी डब्यात ठेवलेल्या एका पाकळीवर पांढुरकी बुरशी दिसली. खळीत मोरचूद घातले तर बुरशी टळते, परंतु मोरचूद विषारी आहे, आणि मूल घरात आहे म्हणून कळलावी वगळायची आणि मोरचूद आणायचे, हे मला पटले नाही.

त्यानंतर एका भागाला तीन भाग पाणी घालून पांढरा गोंद पातळ केला आणि त्यात पाकळी बुडवली. बुरशी आली नाही, पण दोऱ्याची चकाकी मेली आणि पाकळी हाताला प्लास्टिकसारखी लागू लागली. सासूबाईंनी तो प्रकार एका नजरेत नापसंत केला, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते.

खळ सूत ताठ करते, पण ते पावसाळ्यात टिकवून धरणे हे तिचे काम नाही. आपल्याकडे गौरी ऐन ओल्या दिवसांत येतात, त्यामुळे पाकळीला आतून आधार हवा. तो तारेचाच असू शकतो.

20 जुलै

तारेची नोंद. ज्यांना घाई असेल त्यांनी बाकी काही न वाचता ही एवढी नोंद तरी वाचावी.

सुरुवातीला हार्डवेअरच्या दुकानातली बांधकामाची लोखंडी तार वापरली होती. ती स्वस्त आहे, चांगली वळते आणि वळवलेली तशीच राहते. पण ती गंजते. पातळ गोंदात बुडवलेल्या पिवळ्या पाकळीच्या कडेला काही दिवसांतच तपकिरी डाग उमटले. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यावर डाग फिके झाले, परंतु त्या जागी पिवळा रंगही उतरला. त्या तारेवर विणलेले सर्व काम बाजूला काढावे लागले.

योग्य तार मिळाली ती मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. उद्यमबागेतल्या कारखान्यांमुळे बेळगावात अशा दुकानांची कमतरता नाही. मोटरच्या गुंडाळीसाठी लागणारी तांब्याची तार वार्निशच्या पातळ थराने झाकलेली असते; ती गंजत नाही, बोटांना टोचत नाही आणि वजनावर मिळते. पाकळीच्या कडेसाठी 28 गेजची घ्यावी; गेज हा तारेच्या जाडीचा क्रमांक, तो जितका मोठा तितकी तार बारीक. ती सुमारे 0.38 मिलिमीटर जाड असते आणि 100 ग्रॅममध्ये जवळजवळ 100 मीटर भरते, त्यामुळे एकदा घेतली की पुष्कळ दिवस पुरते. मला ती 130 रुपयांना मिळाली. केसरांसाठी 22 गेज आणि देठासाठी 18 गेज घेतली. दुकानदाराला आधी वाटले की मी पंख्याची मोटर दुरुस्त करते आहे. काम सांगितल्यावर त्यांनी 22 गेजचे रिळावरचे उरलेले तुकडे 50 ग्रॅमच्या भावात थोडे जास्तच दिले.

तार पाकळीत ओवायची नसते, तिच्यावर विणायचे असते. पाकळी पुरी झाल्यावर तार कडेला लावून धरावी आणि कडेच्या प्रत्येक टाक्यात मुका खांब घालताना तार खांबाच्या पोटात घ्यावी. आयरिश क्रोशात जाड सुताची वात टाक्यांच्या आत घेऊन नक्षीला उठाव देतात. त्या वातीच्या जागी इथे तार आली आहे. दोन्ही टोके बुंध्याशी बाहेर काढून एकमेकांत पिळावीत. टोक कापल्यावर ते अर्धा सेंटिमीटर मागे दुमडून टाकावे, नाही तर ते दोऱ्यातून बाहेर येते आणि टोचते.

जास्वंदीच्या टोकाच्या कडेवर प्रत्येक तिसऱ्या टाक्यात दोन मुके खांब घातले की कड तारेपेक्षा लांब होते आणि आपोआप लहरते. सर्व टाक्यांत दोन-दोन घातले तर झालर होते, तेवढे नको.

27 जुलै

खानापूर तालुक्यात जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंपणांवर कळलावी फुलली आहे. तिथल्या एका नातेवाइकांनी दोन फुले आणि एक कळी कागदी पिशवीतून आणून दिली. हातमोजे घालून, मूल झोपलेले असताना, गच्चीवरच्या खोलीत ती सुटी केली, मापे घेतली आणि उरलेले सर्व कागदात गुंडाळून लगेच टाकून दिले.

सहा पाकळ्या, प्रत्येक सुमारे सात सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर रुंद. फूल खाली मान घालून असते आणि पाकळ्या मागे वळून वर जातात. कडा लाटालाटांच्या. बुंधा पिवळा, टोक लाल, आणि लाल भागालाही बारीक पिवळी किनार. सहा केसर चहूबाजूंना आडवे पसरलेले. आणि एक गोष्ट छायाचित्रांवरून माझ्या ध्यानात कधी आली नव्हती : स्त्रीकेसर मुळाशीच जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला जातो. कळलावीची ओळख निम्मी त्या काटकोनात आहे.

3 ऑगस्ट

पिवळ्यातून लाल होत जाणारा रंग गुंडीच्या दोऱ्याने साधत नाही. पिवळा तोडून लाल जोडला की पाकळीवर पट्टा पडतो. छटा बदलत जाणारा तयार दोरा आणून पाहिला, पण त्याचा रंग त्याच्या स्वतःच्या अंतराने बदलतो, आपल्या पाकळीच्या अंतराने नव्हे. सहाही पाकळ्यांत रंग वेगवेगळ्या उंचीवर बदलला.

उपाय भरतकामाच्या रेशमात सापडला, म्हणजे सहा पदरी सुती लडीत. एका लडीत आठ मीटर दोरा असतो आणि त्याचे पदर सुटे करता येतात. बुंध्याला सहाही पदर पिवळे घेतले, मग चार पिवळे आणि दोन लाल, मग दोन पिवळे आणि चार लाल, शेवटी सहाही लाल. दीड मिलिमीटरच्या सुईने हे विणले आणि चार हात अंतरावरून रंग एकातून दुसऱ्यात विरघळलेला दिसतो.

यासाठी ओळी आडव्याच हव्यात, कारण रंग लांबीवर बदलतो. म्हणजे जास्वंदीसाठी जी पद्धत टाकून दिली तीच इथे योग्य ठरली. कळलावीच्या अरुंद पाकळीवर शिरांपेक्षा रंग आणि लाट डोळ्यांत भरतात, म्हणून इथे ती चालते. दोन टाक्यांनी सुरुवात, तिसऱ्या ओळीपासून चार टाके, शेवटच्या चार-पाच ओळींत घटवत एकावर. मग सगळ्या कडेने 28 गेजच्या तारेवर पिवळ्या दोऱ्याचे मुके खांब, प्रत्येक ओळीच्या टोकाशी दोन. ही किनार फुलाच्या खऱ्या पिवळ्या किनारीचेही काम करते. लाट देण्यासाठी कड स्वेटरच्या सुईवरून एकदा वर, एकदा खाली अशी वळवत नेली. बोटांनी दाबून केलेल्या लाटा कमीजास्त होतात. सुईवरच्या एकसारख्या होतात, आणि मग त्यांतली एखादी मुद्दाम मोडावी, कारण खऱ्या पाकळीच्या लाटा इतक्या नेमक्या नसतात.

पदर सुटे करताना ते एकमेकांत अडकतात. एका वेळी एकच पदर ओढावा आणि दोरा हातभरापेक्षा जास्त लांब घेऊ नये. जोड जास्त येतात, पण वेळ वाचतो.

10 ऑगस्ट

शेवंती. हिच्याबद्दल थोडक्यात लिहिते.

प्रचलित पद्धत अशी की लांब पट्टीवर पाकळ्या विणायच्या आणि पट्टी गुंडाळून खाली टाके घालायचे. पाकळ्या बऱ्याच असतील तर खालचा भाग लाकडी गिट्टीसारखा कडक होतो आणि फूल कुठेच नीट बसत नाही. त्याऐवजी तीन सेंटिमीटर व्यासाची पातळ गोल चकती विणली आणि पट्टी तिच्यावर बाहेरून आत चक्राकार शिवत नेली. बाहेरच्या पाकळ्या चौदा साखळ्यांच्या, आत येताना बारा, दहा, आठ, सहा. मधल्या पाकळ्या आतल्या बाजूला मिटलेल्या. घट्ट विणल्यास इतक्या लहान पाकळ्यांना तार किंवा खळ काहीच लागत नाही.

निपाणीच्या माझ्या नणंदबाईंना शेवंतीची आणि जास्वंदीची कृती कागदावर लिहून पाठवली होती. त्यांची जास्वंद माझ्यापेक्षा बरीच मोठी आणि ढिली आली. दोरा तोच होता, पण सुई दीड मिलिमीटरची होती आणि त्यांचा हात सैल आहे. म्हणून आता कृतीत टाक्यांच्या आकड्याआधी माप लिहिते : वीस मुके खांब साडेचार सेंटिमीटरांत बसले पाहिजेत. बसत नसतील तर सुई बदलावी, टाके बदलू नयेत.

17 ऑगस्ट

अबोलीचे फूल गोल नसते. बारीक नळीच्या टोकाला एका बाजूलाच उघडलेला पंखा असतो. नमुन्यांतून ती पाच पाकळ्यांची चांदणी म्हणून दाखवतात ते चूक आहे. 40 नंबरचा केशरी दोरा आणि पाऊण मिलिमीटरची सुई घेऊन दहा साखळ्यांचा देठ केला आणि त्याच्या शेवटच्या साखळीतच पाच लहान पाळ्यांचा अर्धा पंखा विणला. फूल दहा मिनिटांत होते, पण गजऱ्याला फुले खूप लागतात. हे काम रात्रीच्या दिव्याखाली करू नये. डोळ्यांना फार ताण पडतो.

गजरा बांधण्याची रीत गणपत गल्लीत बसणाऱ्या एका फुलवाल्या मावशींकडून शिकले. त्या देठ समोरासमोर ठेवून केळीच्या सोपाच्या धाग्याने वेढा देतात आणि प्रत्येक वेढ्याला फास आवळतात. माझी फुले त्यांनी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि देठ जरा आखूड आहेत असे कन्नडमिश्रित मराठीत सांगितले. घरी येऊन पाहिले तर खरेच, आखूड देठावर वेढा बसत नाही आणि फूल निसटते. देठ चौदा साखळ्यांचा केला. सोपाचा धागा वाळल्यावर तुटतो, म्हणून गजरा हिरव्या सुती दोऱ्यानेच बांधला.

24 ऑगस्ट

जोडणी. कळलावीचे देठ 18 गेजच्या तारेचे केले आणि फुलाच्या दोन सेंटिमीटर आधी तार खाली वळवली, जेणेकरून फूल मान खाली घालील आणि पाकळ्या वर वळतील. आधी सर्व भाग जोडून मग तार वळवली तर शिवण ओढली जाते; तार आधी वळवावी. कळलावीच्या पानाचे टोक वेलीच्या ताण्यासारखे गुंडाळलेले असते, म्हणून पानाची तार टोकापुढे चार सेंटिमीटर काढून, हिरव्या दोऱ्याने झाकून पेन्सिलीवर गुंडाळली. देठावर लावायला हिरवा क्रेप कागद आणला होता, पण दमट हवेत त्याचा रंग हाताला लागला; त्याऐवजी पातळ गोंदाचा हात फिरवून हिरवा दोरा गुंडाळला.

खर्च असा. लाल दोऱ्याच्या तीन आणि इतर रंगांच्या चार गुंड्या मिळून 490 रुपये, रेशमाच्या अठरा लड्यांचे 252, तांब्याच्या तिन्ही तारांचे 325, दोन सुयांचे 120. एकूण 1187 रुपये कामी आले. लोखंडी तार, छटांचा दोरा, गोंद आणि क्रेप कागद मिळून 245 रुपये गेले ते वेगळे. वेळेचा हिशेब केला तर जास्वंदीचे एक फूल पाने सोडून आठ तासांचे आहे आणि कळलावीचे सहा तासांच्या पुढे. कोणी विकत मागितले तर दोऱ्याच्या किमतीवरून भाव ठरवू नये. हाताच्या तासांचा भाव आधी सांगावा, आणि तो सांगताना संकोच करू नये.

3 सप्टेंबर

काल गौरींचे विसर्जन झाले. पूजेला ताजी फुले वाहिली आणि विणलेली फुले फक्त आराशीत ठेवली. देवाला वाहायचे फूल त्याच दिवशी उमललेले असावे, असे मला वाटते.

समईपासून फुले हातभर लांब ठेवली होती, कारण सुती दोरा लगेच पेट घेतो. शेवंतीच्या दोन फुलांवर हळदीकुंकू उडाले. कुंकू कोरड्या मऊ ब्रशने निघाले. हळदीचा पिवळा डाग साबणाने जाईना, म्हणून ते फूल धुऊन दिवसभर उन्हात ठेवले आणि डाग पुष्कळ उतरला. तारेच्या पाकळ्या पाच दिवस दमट हवेत उभ्या राहिल्या आणि एकही कलली नाही. आलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींनी कळलावीला नावाने ओळखले आणि एका आजींनी मुलाला तिच्यापासून दूर घ्यायला सांगितले.

फुले ठेवताना तांब्याची तार सारखी सरळ करून पुन्हा वळवू नये. त्याच जागी वारंवार वाकवली तर ती कडक होऊन तुटते. म्हणून प्रत्येक फूल आहे त्या आकारातच, पाकळ्यांमध्ये जुन्या मलमलचे बोळे देऊन, पत्र्याच्या उंच डब्यात उभे ठेवले आहे. डांबराची गोळी न घालता वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवला. जास्वंदीच्या तीन फुलांपैकी एकाच्या वाटीचे टाके सैल झाले आहेत. ते दसऱ्याच्या आत पुन्हा घालायचे आहेत. कळलावीची कळी, जी उमलण्याआधी हिरवट असते, ती यंदा राहून गेली. तिचे माप जुलैच्या कागदावर आहे आणि फिकट हिरव्या रेशमाच्या दोन लड्या शिल्लक आहेत.